संशयसर आणि बोराटीचं कुंपण

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

संशयसरांना कुणी काहीही सांगितलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. एसटी लेट आहे असं कंडक्टरनं सांगितलं तरी, आणि अमक्याला मुलगा झाला असं कुणी पेढा हातावर ठेवून सांगितलं तरी. एकदा आमच्या गावातलं एक म्हातारं माणूस गेलं, ते मी त्यांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "पाहिलंत?" मी म्हणालो, "सर, खांदा देऊन आलोय." तेव्हा कुठं त्यांच्या तोंडून "अरेरे" निघालं.

त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर राहिलं. केजकडच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. पोरांनी ठेवलेलं 'संशयसर' हे नाव सरांच्या आधी गावोगाव पोचायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं. "नाव बरोबर आहे," ते म्हणायचे, "फक्त कुणी ठेवलं ते अजून नक्की झालेलं नाही."

आमचं गाव तलवाड्याच्या पुढं, गोदावरीच्या काठाला. काठाला म्हणायचं एवढंच. त्या दुष्काळात नदीत नुसती वाळू होती आणि वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. दूधच आटल्यावर संस्थेनं जनावरांची छावणी चालवायला घेतली. सगळ्या गावाची गुरं तिथं दावणीला होती, आमची म्हैससुद्धा. तपासणीला कधी कोण येईल याचा नेम नसायचा, आणि जरा कुठं खोट सापडली की छावणी बंद. त्यामुळं अनोळखी माणूस दिसला की आम्ही सावध व्हायचो.

अशातच एका रविवारी सकाळी पांढऱ्या शर्टातला एक उंच, वाळका माणूस छावणीच्या बोराटीच्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्यांच्या, कुंपणाशी वाकून उभा दिसला. डोळ्याला भिंग लावून तो काट्यांत बघत होता आणि मधूनच कागदावर काहीतरी टिपत होता. आमचे चेअरमन, म्हणजे अण्णा, माझ्या कानाशी लागले.

"सचिव, तपासणीवाला हाय. भिंग घिऊन आलाय बघ."

"अण्णा, जनावरं तिकडं हायेत. ह्यो कुंपणात बघतोय."

"आरं, तीच तर चाल हाय त्याची!"

अण्णांनी लगेच चहा धाडला. त्या माणसानं कप बघितला, चहा आणणाऱ्याला बघितलं आणि विचारलं, "कशाबद्दल?" झालं. अण्णांचा चेहरा उतरला. "पहिला चहा नको म्हणणारा सायब लई वंगाळ," ते म्हणाले. मी जाऊन नाव-गाव विचारलं. तो म्हणाला, "केजहून आलोय. मी कोळी बघतोय." मी परत येऊन अण्णांना तसं सांगितलं, तर आधी ते हसले. केजहून दोन एसट्या बदलून कोळी बघायला येणारा माणूस त्यांच्या हिशेबात कुठंच बसेना.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्यांच्यावर नजर ठेवली. ते कुंपणाच्या या टोकाला, तर आमचा माणूस त्या टोकाला. सरांच्या हे लक्षात आल्याशिवाय कसं राहील? "तुमचा माणूस माझ्यामागे का फिरतो?" त्यांनी मला सरळच विचारलं. "या कुंपणात काही लपवलंय का?"

"छे, छे," मी म्हणालो, पण लपवलं होतं. आत काही नव्हतं, खुद्द कुंपणच लपवायची गोष्ट होती. दुष्काळात आमच्या काळ्या रानातली बोराटी शेळ्या-मेंढ्यांनी केव्हाच संपवली होती. छावणीला कुंपण घालायचं म्हणून आम्ही बालाघाटाच्या डोंगरातून, वनखात्याच्या जागेतून, कुणाला न विचारता ट्रॉल्या भरून बोरीच्या फांद्या तोडून आणल्या होत्या. कळलं असतं तर अण्णांवर गुन्हा आणि छावणीला टाळं. म्हणून गावाचं ठरलं होतं, कुणीही विचारलं तरी बोराटी इथलीच. लहान पोरंसुद्धा हे पाठ म्हणायची.

हळूहळू सर तपासणीवाले नाहीत एवढं आमच्या ध्यानात आलं. त्यांच्याशी बोलण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. कोळ्याला आठ डोळे असतात आणि ते तोंडावर कसे मांडलेत यावरून त्याचं कूळ ठरतं, हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या कुंपणातले ते मखमली कोळी. मधोमध चार डोळे एकमेकांना चिकटून, दोन पुढं कोपऱ्यांत, दोन पार मागं. अंगावर बारीक मऊ लव, म्हणून मखमली. त्यांच्या जाळ्याला चिकट थेंब नसतो. पोटाखालच्या चाळणीतून निघणारा धागा ते मागच्या पायावरच्या केसांनी विंचरून लोकरीसारखा पिंजतात, आणि किड्याचे पाय त्यातच गुंततात. असं सगळं सांगून झालं की सर माणसांचेही डोळे बघायचे. "तुमच्या चेअरमनचे डोळे फार जवळजवळ आहेत," ते एकदा गंभीरपणे म्हणाले. मी ते अण्णांना सांगितलं नाही.

या कुळाचा पसारा सर जमिनीवर काडीनं काढून दाखवायचे. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, तिथून वाळवंटाच्या कडेकडेनं आपल्याकडचे कोरडे मुलूख. बहुतेक मंडळी एकलकोंडी, दगडाखाली बीळ करून राहणारी. अगदी मोजक्या जाती मात्र शेकड्यांनी एकाच घरट्यात राहतात, एकत्र शिकार ओढतात आणि एकत्र खातात. त्यातली एक आपल्या देशात. "ब्राझीलमध्येही या कुळातला एक सापडला असं म्हणतात," एवढं सांगून ते काडी टाकायचे. "मला संशय आहे. नमुन्यांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार."

अण्णांना त्या एकत्र राहणाऱ्या कोळ्यांचं फार कौतुक वाटलं. "म्हंजी ही आपल्यावानीच सोसायटी हाय की! ह्यांच्यात चेअरमन कोण असतो?"

"कुणी नसतो," सर म्हणाले.

"मंग चालतंय कसं?"

"म्हणूनच चालतं."

अण्णा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू हे मीच म्हणालो होतो.

बीड जिल्ह्यात या कोळ्यांचं ठिकाण कुठं कुठं, याचा नकाशा करण्यात सरांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी त्यावर एक ठिपका दिला नाही. स्वतः जायचं, स्वतः बघायचं, मगच पेन उघडायचं. सगळे ठिपके डोंगराच्या बाजूला पडले होते. काळ्या रानात, नदीकाठी हा कोळी आजवर कुणी नोंदवलेला नव्हता आणि आमच्या कुंपणात तर तो दाटीवाटीनं नांदत होता. सरांनी ती नोंद विद्यापीठात पाठवली. तिकडून उत्तर आलं की मोठी माणसं स्वतः बघायला येणार. त्या दिवशी सरांनी आमच्याकडचा चहा पहिल्यांदा कशाबद्दल न विचारता घेतला. निवृत्तीला आलेला माणूस, सगळ्या हयातीत स्वतःच्या नावावर लागलेला हा एकच शोध. त्यांचा आनंद बघून मला कसंनुसं झालं.

पण संशय हा त्यांचा धंदाच होता, तो त्यांना कसा सोडेल? पुढच्या रविवारी ते कुंपण सोडून बाहेरच्या बाभळींतून फिरत राहिले. परत आले ते तोंड पाडूनच. "सचिव, कुंपणात इतकी घरटी, आणि बाहेरच्या एकाही बाभळीवर एकसुद्धा नाही. शिवाय घरट्यांत विणलेला पाला या रानातल्या झाडांचा नाही. ही बोराटी कुठली?"

"इथलीच," मी म्हणालो.

त्यांनी अण्णांना विचारलं. "इथलीच." पाणी भरणाऱ्या बायांना विचारलं. "इथलीच." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या गावात दोन माणसांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही. आज सगळ्यांचं झालंय."

हे ऐकून अण्णा घाबरले आणि घाबरले की ते सभा बोलवायचे. आमच्याकडे कशाचाही निकाल ठरावानं लावायची पद्धत. संस्थेची सभा भरली, सूचक-अनुमोदक झाले आणि एकमतानं ठराव पास झाला की सदरहू कोळी हे या गावचे पूर्वापार रहिवासी असून त्यांच्याविषयी कुणाचीही तक्रार नाही. त्याची शिक्का मारलेली नक्कल अण्णांनी सरांच्या हातात अदबीनं दिली. आपण सरांचं काम पक्कं करून दिलं, असं त्यांना वाटत होतं.

सरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि नीट घडी घातली. "खऱ्या गोष्टीला ठराव लागत नाही, चेअरमन," ते म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले.

मी त्यांच्या मागं गेलो. लिंबाखाली एसटीची वाट बघत ते उभे होते. म्हणाले, "ती माणसं येतील, माझ्यासारखीच डोळ्यांनी बघतील आणि ठिपका पडेल. पुढं जो कुणी या कुळावर काम करील, तो त्या ठिपक्यावर विश्वास ठेवील. मला फक्त खरं काय ते सांगा." मी सांगून टाकलं. डोंगर, वनखातं, ट्रॉल्या, सगळं.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी ट्रॉलीत बसून गेलतो, सर. पण हे बाहेर फुटलं तर छावणी बंद पडंल. जनावरं न्यायची कुठं आमी?"

एसटी आली, ते चढले आणि गेले.

अण्णांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. "सगळ्या गावाचं दावं त्या कोळीवाल्याच्या हातात दिलंस रं! कशापायी सांगितलंस?" त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. जीप वाजली की वनखातं आलं असं वाटायचं. गावातली माणसं माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघायची. मलाही सरांचा भरवसा वाटेना. जो माणूस मयतालाही पुरावा मागतो, तो कागदावर खरं लिहिल्याशिवाय राहील कसा?

कुणीच आलं नाही. ना वनखातं, ना विद्यापीठ. शेवटी मीच केजला गेलो, तेव्हा सगळं कळलं. सरांनी नोंद मागं घेतली होती. 'या नोंदीबद्दल मला संशय आहे' एवढंच लिहिलं होतं. कारण विचारलं, तेही दिलं नाही. कारण द्यायचं म्हणजे बोराटी कुठून आली ते लिहावं लागलं असतं. मग व्हायचं तेच झालं. यांनीच डोंगरातले कोळी डब्यातून नेऊन नदीकाठी सोडले असणार, नावासाठी, आणि पकडले जायची वेळ आली तशी माघार घेतली, असं लोक बोलायला लागले. स्टाफरूममध्ये सर एका कोपऱ्यात एकटे बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मी जाऊन सांगतो त्यांना, सर."

"छावणी चालू आहे?"

"हाय."

"मग गप्प बसा."

पुढं पाऊस झाला, रानात चारा आला आणि छावणी उठली. आमच्या म्हशीसकट सगळी जनावरं घरी गेली. निरोप नसताना सर गावात आले. मी पुन्हा विषय काढला, तर म्हणाले, "गुन्हा अजूनही चेअरमनवरच दाखल होईल ना?" मी मान हलवली. तो विषय त्यांनी तिथंच संपवला. ते आले होते वेगळ्याच कामाला. घरटी असलेली बोराटी त्यांना डोंगराकडे परत न्यायची होती, तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर.

अण्णा आता पार बदलले होते. सरांशी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. ते म्हणाले, "सर, ऱ्हाऊ द्या की कुंपण. आमी हात लावत न्हाई. दोन-चार सालात ही सगळी बाभळींवर पसरतील. मंग तुमचा ठिपका खरा हुईल. कुणाच्या बापाला काई सांगायची गरज न्हाई."

सर बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले. त्यांना मोह झाला होता, मी स्वतः पाहिलं. मग ते म्हणाले, "माझा ठिपका खरा होईल, पण माझ्यानंतर येणारा फसेल." आणि त्यांनी पहिली फांदी उपटली.

मग सगळं गावच कामाला लागलं. घरट्यांना धक्का लागू नये म्हणून बायांनी गोणपाटं आणली. अण्णांचे हात काट्यांनी रक्तबंबाळ झाले, तरी ते बाजूला होईनात. शेवटी एक घरटं राहिलं, तेव्हा ते अजिजीनं म्हणाले, "एवढं तरी ऱ्हाऊ द्या, सर. तुमची आठवण म्हणून."

"नाही. एका मादीपासूनही वसाहत उभी राहते," सर म्हणाले आणि तेही त्यांनी गोणपाटात गुंडाळलं. ट्रॉलीत काट्यांच्या कडेला अंग चोरून ते बसले. ट्रॅक्टर निघाला. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो.

त्यानंतर सर आमच्या गावी कधी आले नाहीत. पुढं निवृत्त होऊन ते लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. एवढी माया लावली, मग माणसानं एकदा तरी यावं की. पण आमच्या गावी यायला त्यांच्याकडे एकच कारण होतं, आणि ते त्यांनी त्या दिवशी आमच्यादेखत, आपल्या हातांनी ट्रॉलीत भरून नेलं होतं.