दहा बोटांचे मेस्त्री

मेस्त्रींच्या हातांना दहा बोटं होती. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण ज्यांचा लाकडाच्या मशीनवर काम करणाऱ्यांशी कधी संबंध आला आहे, त्यांना विचारा. आमच्या साकीनाक्याच्या औद्योगिक इस्टेटीत उभा जन्म करवतीसमोर काढलेला आणि तरीही चहाचा ग्लास दहाच्या दहा बोटांनी धरणारा माणूस एकच होता. नवा कारागीर कामाला आला, की मेस्त्री आधी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावायचे, शाळेत नखं तपासतात तसे, आणि मोठ्याने मोजायचे.

"धा असत. बरां. सांजेक घराक जाताना धाच व्हये."

एवढी मुलाखत. अनुभव किती, आधी कुठे होतास, हे सगळं मागाहून.

त्यांचं खरं नाव परशुराम, पण ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. मालक असूनही माझे वडील त्यांना 'मेस्त्री'च म्हणायचे. कणकवलीकडचे, राहायला मानखुर्दला. तरुणपणी एका गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडली आणि तिथली यंत्रं विकायला निघाली, तेव्हा बाबांनी एक बँडसॉ उचलला. त्या मशीनबरोबर मेस्त्री आले, असं बाबा सांगत. मेस्त्री सांगत, की मी होतो म्हणून मशीन आलं.

बँडसॉ म्हणजे माणसाहून उंच असं धूड. एक चाक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून सायकलच्या चेनसारखी फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. लाकूड तिच्यापुढे धरून वळवत नेलं की पोळपाटाचा गोल निघतो, खेळण्यातल्या हत्तीची सोंड निघते. आमचा धंदा तोच: पोळपाट, पाट, शाळांसाठी लाकडी खेळणी.

बाबा गेले तेव्हा मी एका ऑफिसात नोकरी करत होते. गाळा बंद करायचा, सामान विकायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच मी तिथे गेले. मेस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात झाडू दिला.

"बंद करायचा तर स्वच्छ करून बंद कर, बाय."

आठवडाभर मी भुसा झाडत होते. रोज ते चिमूटभर भुसा माझ्या नाकाशी धरून विचारायचे, "कसलो?" सागाचा उग्र, चामड्यासारखा वास, आंब्याचा आंबूस, शिवणीला जवळजवळ वासच नाही. आठवड्याने मला तिन्ही ओळखू यायला लागले आणि गाळा विकायचं मी विसरून गेले. की त्यांनीच विसरायला लावलं, कोण जाणे.

मशीनवर मला उभं केलं ते वर्षाने. मी लाकूड जोरात पुढे रेटत होते. मागून आवाज आला, "कसली घाय असा गो तुका? लगीन ठरलां काय?"

"झालंय माझं लग्न, मेस्त्री. दोन मुलं आहेत."

"मगे तर अजिबात घाय नको."

रोज सकाळी मशीन सुरू करायचा मान त्यांचा. बटण दाबायचे, एक पाऊल मागे यायचे, चपला काढून डोळे मिटायचे आणि मिनिटभर तसेच उभे राहायचे. मग "चला" म्हणाले की काम सुरू. क्वचित "आज नको, पट्टीक ताप असा" म्हणायचे. तापाचं निदान झालं की पट्टी उतरवून उजेडात धरायची, आणि कुठेतरी एखाद्या दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर सापडायचीच. पट्टी चालताना तुटली तर काय होतं, हे त्यांनी गिरणीत पाहिलं होतं. काय पाहिलं ते मात्र कधी सांगितलं नाही.

तर हे मशीन म्हातारं झालं. बेअरिंग खडखडायला लागली, चाकांवरचं रबर झिजून सपाट झालं. बटण बंद केलं तरी पट्टी बराच वेळ फिरत राहायची, कारण ब्रेक नावाचा प्रकारच नव्हता. खालच्या चाकाच्या दाराची बिजागरी तुटून ते तारेने बांधलेलं होतं. नवं घ्यावं की हेच नीट करून घ्यावं, यावर आमच्यात दोन महिने वाद चालला. घाटकोपरच्या एका मेकॅनिकने सांगितलं, की सगळं बदलता येईल, सांगाडा शंभर वर्षं टिकेल असा आहे. कारागिरांपैकी सुनीलचं मत होतं, की नवं घ्यावं. सुनील मुलुंडहून यायचा, तिशीतला शांत माणूस, हाताने चांगला. "ताई, नव्याला ब्रेक असतो. पट्टी तुटली तर आपोआप थांबतं," एवढंच तो म्हणाला.

मेस्त्रींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो परत त्या विषयावर बोलला नाही.

"ह्यां बीड असा, बाय, ओतीव लोखंड," मशीनच्या पाठीवर थाप मारून ते मला म्हणाले. "नयां म्हणजे पत्र्याचो डबो."

तरी मी त्यांना बोरीवलीच्या एका दुकानात नवं मशीन बघायला घेऊन गेले. विक्रेता तरुण आणि गोडबोल्या होता. त्याने मशीन चालू करून दाखवलं. मेस्त्रींनी खिशातून नाणं काढून चालत्या मशीनच्या टेबलावर कडेवर उभं केलं. ते थरथरलं आणि आडवं झालं. नाणं उचलून त्यांनी खिशात टाकलं, विक्रेत्याला नमस्कार केला आणि चालू लागले. बाहेर येईपर्यंत मी हसू दाबून धरलं होतं.

जुनंच ठेवायचं ठरलं. नवी बेअरिंग आली, चाकांवर नवं रबर चढलं, मोटर बदलली. मेस्त्री त्या आठवड्यात घरातलं कार्य असल्यासारखे वावरत होते. मेकॅनिकला घरून सुरमईचं कालवण आणून घातलं. मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. नुसती पंख्यासारखी घरघर. टेबलावरचं नाणं जागचं हललं नाही. खालचं दार तेवढं राहिलं होतं. बिजागरी वेगळी बनवून घ्यावी लागणार होती आणि दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. "पुढच्या महिन्यात करू," असं मी म्हणाले. हे मीच म्हणाले होते, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

तीनएक आठवड्यांनी, एका सकाळी, मेस्त्रींनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि "चला" म्हणाले. सुनील मात्र जागचा हलला नाही.

"मेस्त्री, आवाज येतोय. टिक, टिक, टिक."

"कसलो आवाज? तुझ्या डोक्यात असा तो."

"नाही ओ, ऐका ना..."

"माका शिकवतंस?"

मी चार हातांवर होते. मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. पण मेस्त्री 'चला' म्हणाले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे कोणी बोललं नव्हतं. मीही बोलले नाही. सुनील कामाला लागला.

अर्ध्या तासाने फटाका फुटावा तसा आवाज झाला. पट्टी टोकं जोडलेल्या सांध्यावर तुटली, खालच्या चाकाने ती भिरकावली, तारेने बांधलेलं दार उघडलं आणि पट्टीचं टोक सुनीलच्या डाव्या हातावर कोपराखाली लागलं. चाकं फिरतच होती. मी बटण दाबलं, तरी ती किती वेळ फिरत होती. सुनीलला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके पडले, पण शीर वाचली होती, बोटं हलत होती. डॉक्टरांनी त्याला मूठ उघड-मीट करायला लावली, तेव्हा मी मनातल्या मनात मोजत होते.

परत आले तर मेस्त्री लाकडांच्या थप्पीवर बसलेले. मी सांगितलं, की सुनील बरा आहे. ते उठले, डबा उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. फोन वाजत राहायचा.

चौथ्या दिवशी मी मानखुर्दला गेले. जिन्यातच टीव्हीच्या बातम्या ऐकू येत होत्या, एवढा आवाज. बेल वाजवली, दार ठोकलं. शेवटी बाजारातून आलेल्या काकींनी, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोनेच माझ्यासाठी दार उघडलं. मेस्त्री दाराकडे पाठ करून टीव्हीसमोर बसले होते. काकींनी जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा दचकून वळले.

मी काकींकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "वर्स झालां, बाय. आपली शपथ घातल्यानी, सांगू नको म्हणून." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मेस्त्रींनी टीव्ही बंद केला. फार गंभीर बोलायचं असलं, की ते मालवणी सोडून मुंबईच्या मराठीत येत. त्या दिवशी तसे आले.

"मला ऐकू येत नाही, बाय. ओठ बघून ओळखतो."

"मग सकाळी तुम्ही डोळे मिटून..." मी मोठ्याने म्हणाले.

"पायाने ऐकत होतो. जुनी बेअरिंग थरथरायची ना, ती जमिनीतून पायाला कळायची. पट्टीत काही बिघाड असला तर थरथर बदलते. कान गेले तरी काम चालत होतं. मला वाटलं, कुणाला कळायची गरज काय. मग आपण सगळं नवं घातलं. मशीन गप्प झालं. पायाला काहीच येईना. तीन आठवडे मी नुसता उभा राहत होतो गं. नुसताच 'चला' म्हणत होतो."

"दार मी ठेवलं होतं तसंच," मी खाली बघत म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. दुसऱ्यांदा सांगायचं धैर्य मला झालं नाही.

"नवीन घे," ते म्हणाले. "ब्रेकवालं."

"जुन्यालाही ब्रेक बसवता येतो, मेस्त्री. मी विचारलंय."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली. "बीडाची चाकं आहेत. जड. ब्रेक लावलास तरी थांबायला वेळ घेणार. आपण दोन महिने वाद घालत होतो, तेव्हाही मला हे माहीत होतं. सांगितलं नाही. सुनील बरोबर बोलत होता, त्याला मी गप्प केलं." मग म्हणाले, "एका माणसाच्या कानावर सगळ्यांचे हात ठेवायचे नसतात, बाय. माझे चांगले होते म्हणून ठेवले आपण. चुकलं."

आतून काकींनी चहा आणला. तो पिऊन मी निघाले.

पुढच्या आठवड्यात ते सुनीलच्या घरी जाऊन आले, मला न सांगता. सुनीलने नंतर सांगितलं, की माफी वगैरे काही मागितली नाही. फक्त त्याच्या लहान मुलीसमोर म्हणाले, "तुझ्या बापाचो कान चांगलो असा. मी आयकूक नाय तेचा."

नवं मशीन आलं. पत्र्याचंच होतं, पण ब्रेक दाबला की दोन श्वासांत थांबायचं. जुनं वर्सोव्याच्या एका होडी बांधणाऱ्याने नेलं, फळ्या कापायला. दार दुरुस्त करून आणि मोटरला ब्रेक बसवूनच न्यायचं, अशी मेस्त्रींनी त्याला अट घातली होती. क्रेन मशीन उचलत होती तेव्हा मेस्त्री नव्या मशीनजवळ सुनीलला पट्टीचा ताण कसा बघायचा ते दाखवत होते. बाहेर आले नाहीत.

त्यानंतर चार महिने ते येत राहिले. कान तपासून घेतले, कानातलं यंत्र लावलं, कुरकुरत का होईना. आणि मग एका शनिवारी सगळ्यांना वडे खाऊ घालून काम सोडलं. जाताना मशीनकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. "हात दाखव," म्हणाले. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी मोजलं नाही. दोन्ही हातांत धरले आणि थोपटले.

गेल्या थंडीत मेस्त्री गेले. झोपेतच. बाराव्यानंतर मी काकींना भेटायला गेले. काकी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. बाजूला एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. मी त्यावर बसायला गेले, तर म्हणाल्या, "त्यावर ते बसायचे."

काम सोडल्यापासून रोज, म्हणे. यंत्र कानात घालून सकाळी इथे येऊन बसायचे. पहिल्या दिवशी काकींनी विचारलं, काय हवंय? तर म्हणाले, काही नको, तू बोल. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, सगळी मशीनच्या आवाजात गेली, तू घरात काय बोलतेस ते मी कधी ऐकलंच नाही. मग काकी बोलायच्या. भाजीवाल्याचं, गावच्या भावकीचं, मासे किती महागले त्याचं. भाकऱ्या थापताना लहानपणीच्या ओव्या म्हणायच्या. मेस्त्री स्टुलावर बसून ऐकायचे. कधी कधी नुसते हसायचे.

सांगता सांगता काकींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मेल्यान सवय लावल्यान," त्या म्हणाल्या. "आता एकटीच बोलत रवतंय."

मी खाली, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "बोला, काकी," म्हटलं.