व्हर्नाची फणी आणि पास्टरचा अंबाडा

आमच्या गावात सध्या अशी बातमी फिरतेय की व्हर्ना स्कोग्लंडने बायबल शिबिरात भर दुपारी नव्या पास्टरला खुर्चीला बांधलं आणि त्याचं मुंडन केलं. टपाल कचेरीत ऐकाल तर हातात कात्री होती. धान्याच्या कोठाराशी ऐकाल तर मेंढ्या भादरायचं यंत्र. पलीकडच्या मेथडिस्ट चर्चवाल्यांपर्यंत पोचेतो तर पास्टर हमसून हमसून रडायलाही लागला होता.

सगळं खोटं. मी तिथे हजर होते. त्याला कुणी बांधलं नाही, तो आपण होऊन बसला. केस एकही कापला गेला नाही. डोळ्यांतून पाणी आलं हे खरं, पण ते कंडिशनर डोळ्यांत गेल्यामुळे.

व्हर्ना माझ्या कुंपणापलीकडे राहते. अडतीस वर्षं जिल्हा रुग्णालयात नर्स होती, गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाली. तेवीस उन्हाळे झाले, ती तळ्याकाठच्या शिबिरात एक आठवडा फुकट नर्सगिरी करते. बाकीच्या नर्सबाया जातात त्या स्वतःच्या पोरांना शिबिरात फुकट जागा मिळते म्हणून. हिला ना पोर ना नातवंड. एकदा विचारलं, "मग तू कशाला जातेस गं?" तर म्हणाली, "तिथे डॉक्टर नसतो आणि पेशंट मलम लावून झालं की आभार न मानता पळत सुटतात. याहून सुख काय असतं?"

यंदा तिच्या जोडीला जोलीन होती. वय सव्वीस, बाळंतिणींच्या विभागातली. एक दिवसाच्या बाळांची सवय असलेली ही मुलगी, चालणारी-बोलणारी ऐंशी पोरं एकदम समोर बघून पार बावरून गेली होती. मी रूबार्बच्या आंबटगोड वड्या पोचवायला गेले होते आणि पाच मिनिटांत निघणार होते. आमच्याकडे पाच मिनिटं म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत.

रविवारी दोन वाजता पोरं येतात. पाइनच्या झाडांखाली रांग लागते. आधी घरून आणलेली औषधं पिशवीत घालून नर्सच्या हवाली करायची, मग ताप बघायचा, मग डोकं. व्हर्ना आइस्क्रीमच्या दोन काड्यांनी भांग पाडत पाडत डोकं तपासते आणि तोंडाने दुसरंच काही बोलते. "कुत्र्याचं नाव काय म्हणालास?" असं विचारेतो तपासणी संपलेली असते.

यंदा तिच्या टेबलामागे एक चकचकीत पाटी होती. 'डोक्यात उवा सापडल्यास त्याच दिवशी घरी. अपवाद नाही.' ही पास्टर ड्रू ऑमोटची कामगिरी. वय एकतीस, शिबिराचा नवा प्रमुख, गळ्यात गिटार, डोक्यावर अंबाडा. मनाचा चांगला हो, पण गेल्या वर्षीच्या उवांवरून आईबापांनी पत्रं लिहून लिहून त्याच्या आधीच्या माणसाला जेरीस आणलं होतं. तेव्हा हा आल्या आल्या नियम करून मोकळा झाला.

रांगेत विनी नावाची आठ वर्षांची मुलगी होती. राज्याच्या पार पश्चिम सीमेवरून आजोबांच्या पिकअपमधून चार तास प्रवास करून आलेली. तिचं हे पहिलंच शिबिर. ईस्टरपासून ही पोर घराच्या ओसरीवर झोपायच्या थैलीत झोपत होती, सवय हवी म्हणून. शिबिराची सगळी गाणी तिला हातवाऱ्यांसकट पाठ होती, आणि रांगेत ती म्हणून झालीही होती.

व्हर्नाच्या काड्या तिच्या कानामागे थांबल्या. व्हर्ना शांतपणे म्हणाली, "जोलीन, हिला जरा माझ्याजवळ बसव. हिच्याशी मला गप्पा मारायच्यात." पण जोलीनचा चेहरा इतका पडला की पास्टर धावतच आला.

"काही सापडलं का?"

"किरकोळ. तासाभराचं काम आहे. कंडिशनर, फणी, की झालं."

पास्टरने पाटीकडे पाहिलं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, म्हणून त्याने आधी हवा छान पडल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "व्हर्ना, मला फार वाईट वाटतंय. पण आज एकाला सूट दिली तर..."

आजोबांनी टोपी काढली. "नको नको, बरोबर आहे तुमचं. रस्ता चांगला आहे, उजेड आहे. जातो आम्ही परत." आमच्या भागातला म्हातारा घर जळत असलं तरी उजेड बरा पडलाय म्हणेल.  विनीने थैलीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. व्हर्ना प्रार्थनेत डोळे मिटत नाही. नर्सने मिटायचे नसतात म्हणते, कोण चक्कर येऊन पडेल सांगता येत नाही. त्या दुपारी स्वागताची प्रार्थना चालू असताना आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो, आणि हिने पास्टरला अंबाड्याखाली तीनदा खाजवताना पाहिलं होतं.

"खरंय, पास्टर," व्हर्ना म्हणाली. "नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा ना?"

"अर्थात!"

"तुम्हालासुद्धा?"

"सगळ्यात आधी मला!" पास्टर हसला आणि पोरांकडे बघून खुर्चीत बसला. "बघा रे, अजिबात दुखत नाही!"

व्हर्नाने अंबाडा सोडला. दोन काड्या फिरवल्या. मग खाली वाकून, ऐंशी पोरं, त्यांचे आईबाप आणि मी ऐकू शकू अशा बेताने म्हणाली, "पास्टर, तुमचं सामान बांधायला कुणाला पाठवू?"

जोलीन फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर टॉवेल दाबला.

"अशक्य!" पास्टर ओरडला. "मी रोज केस धुतो!"

"मग उवाही रोज धुतल्या जातात. स्वच्छ आहेत हो अगदी."

मग शिबिराच्या मदतनिसांचीही डोकी पाहिली आणि शोध लागला. शिबिराच्या पेटीत नाटुकल्यांचा एक लांब केसांचा टोप असतो. आमचे सगळे संदेष्टे आजवर त्या एकाच टोपावर निभावलेत. यंदाच्या नाटुकल्यात येशूला नदीत बाप्तिस्मा देणारा योहान कोण होणार हे पोरं यायच्या आधी आठवडाभर पास्टरचं ठरेना. म्हणून त्याने सगळ्या एकोणीस मदतनीस मुलामुलींच्या डोक्यावर तो टोप घालून पाहिला, आणि शेवटी योहान आपणच व्हायचं ठरवलं. पहिली ऊ कुणी आणली ते देवाला ठाऊक. वाटप मात्र पास्टरने केलं होतं.

"व्हर्ना," खुर्चीतून अगदी बारीक आवाज आला, "तू म्हणालीस ना, तासाभराचं काम आहे?"

"विनीचं तासाभराचं. तुझं जरा जास्त. जंगल दाट आहे." आता तीही तुम्हीवरून तूवर आली होती. "आधी ती पाटी काढ."

पास्टर उठला. आजोबांसमोर गेला, म्हणाला, "मी चुकलो. ती राहील." आणि स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. आजोबा म्हणाले, "बरं मग," आणि नाक शिंकरायला पिकअपच्या मागे गेले.

पुढचं काय सांगू! मला गावात पिटाळलं गेलं आणि मी दुकानातलं झाडून सगळं कंडिशनर उचलून आणलं. चॅपलसमोरच्या बाकांवर एकोणीस मदतनीस डोक्यावर पांढरा लेप थापून ओळीने बसले होते. जोलीनची भीती कुठच्या कुठे पळाली. ती एकापाठोपाठ एक बाळं न्हाऊ घातल्यासारखी भराभर पुढे सरकत होती. विनीचं डोकं सगळ्यात आधी विंचरून झालं होतं. व्हर्नाने तिच्या हातात टॉर्च दिला आणि तिला पास्टरमागे उभं केलं.

"अकरा!" विनी ओरडायची. "बारा! ही लंगडी आहे!"

"नाव ठेव तिचं," पास्टर म्हणाला. डोळे चुरचुरत होते, पण माणूस आता हसू लागला होता.

तेरावी निघाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. उवा नसलेली चार पोरं रांगेत परत येऊन "माझं पुन्हा एकदा बघा ना!" म्हणून मागे लागली. एकाच्या डोक्यात तेव्हाही नाहीच सापडली तर तो हिरमुसून बसला. संध्याकाळी नाटुकल्यात पास्टरचा योहान टोपाशिवाय, चपचपीत केसांनी तळ्यातून बाहेर आला. विनी पहिल्या रांगेत बसून सगळी गाणी गात होती, इतरांच्या दोन ओळी पुढे.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तिथल्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्ष लाव्हॉनबाईंनी व्हर्नाला गाठलं. "अगं, पोरांसमोर पास्टरची अशी शोभा करायची? खासगीत तपासलं असतंस तर?"

व्हर्नाने कप खाली ठेवला.

"खासगीत तपासलं असतं, तर ती पोर खासगीत घरी गेली असती."