वाऱ्याची आवक

थोरल्या साडूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं, कावळे सावलीसाठी एकमेकांवर बसत होते आणि हे गृहस्थ कानटोपी, मफलर, स्वेटर अशा शस्त्रसज्ज अवस्थेत दार उघडायला आले. मी नवा जावई. नमस्काराला वाकलो, तर म्हणाले, "वाकू नका, वारा उठतो."

एका कचेरीच्या आवक-जावक विभागात जन्मभर टपालावर शिक्के मारून या माणसाने एकच तत्त्वज्ञान कमावलं होतं: आलेल्या प्रत्येक वस्तूला पाठवणारा असतो. पाकिटात काय आहे, याच्याशी त्यांना कधी देणंघेणं नव्हतं. एवढ्या भांडवलावर माणूस विभागप्रमुख होऊन निवृत्त होतो, ही त्या कचेरीची थोरवी.

निवृत्तीनंतर त्यांनी सेंट्रल एसीचं घर घेतलं. एकच मोठं यंत्र, छतातून नळ आणि प्रत्येक खोलीत हवेची एक जाळी. महिन्याभरात दिवाणखान्यातल्या त्यांच्या खुर्चीवर, नेमका मानेवर, वारा येऊ लागला.

"हवा नव्हे, वारा," त्यांनी मला फोनवर समजावलं. "हवा यंत्र सोडतं. ती जावक. वारा बाहेरून येतो. ती आवक."

"मग पाठवणारा कोण?"

"तेच शोधतोय."

काठीला टिश्यू पेपरची पट्टी बांधून ते घरभर हिंडले. दारांच्या फटींत टॉवेल कोंबले. खुर्चीमागच्या जाळीसमोर पट्टी वेड्यासारखी फडफडायची, पण तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ती जावक ना! शेवटी स्वारी त्यांच्याकडेच राहणाऱ्या आमच्या सासूबाईंच्या खोलीत पोचली. खिडकी चार बोटं उघडी होती. पाठवणारा सापडला.

संध्याकाळी ताईचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, फोन आला. "आई खिडकी लावून घेत नाही. हे म्हणतात, तिला तुमच्याकडे पाठवा."

त्याच खिडकीतून समोरच्या घरातल्या मैत्रिणीशी बोलल्याशिवाय सासूबाईंना सकाळचा चहा गोड लागत नसे. माझी बायको पदर खोचूनच निघाली, मी मागोमाग.

सासूबाईंची खोली बंद ट्रंकेसारखी कोंदट होती.

"आई, घुसमटत नाही तुला?"

"म्हणून तर खिडकी उघडते, बाई."

बायको स्टुलावर चढली. जाळीची झडप घट्ट बंद. मग तिने बाकीच्या खोल्या पाहिल्या. तिथेही तेच.

"भाऊजी, या झडपा कोणी लावल्या?"

"मीच. रिकाम्या खोल्यांचे लाड कशाला? आणि आईंना या वयात गारवा बाधतो."

"झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की काय होतं?"

साडूंनी विचार केला. "अंगठा ओला होतो."

"उरलेल्या फटीतून सगळं पाणी जोरात उडतं, भाऊजी. अख्ख्या घराची हवा तुम्ही एकट्याच्या मानेवर घेताय."

तिने एकेक करून सगळ्या झडपा उघडल्या. दिवाणखान्यात खुर्चीला टेकवून ठेवलेल्या काठीची पट्टी मान टाकून लोंबू लागली. बिनशिक्क्याच्या पाकिटाकडे पाहावं तसं साडूंनी त्या पट्टीकडे पाहिलं.

"बाहेरचा वारा पडलाय," ते म्हणाले. "योगायोग."

"अहो, निदान आईची तरी उघडी राहू द्या," ताई पुटपुटली.

"एकदा शिक्का बसला की बसला." आणि हा महापुरुष स्टूल घेऊन निघाला, दिवाणखाना सोडून प्रत्येक खोलीत चढला, तिथल्या सगळ्या झडपा पुन्हा लावून आला. मफलर नीट केला आणि खुर्चीत बसला. पट्टी फडफडू लागली. "बघा," ते विजयाने म्हणाले, "आला."

बायको तोंड उघडणार तोच सासूबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे गं. या घरात वाऱ्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. मीच हलते." मग थोरल्या जावयाकडे वळून, "जावईबापू, आता जावकेचा शिक्का मारा."

साडूंना त्यात काही टोमणा आहे असं वाटलं नाही. त्यांनी बॅग दारापर्यंत आणून दिली आणि आम्ही बाहेर पडताच दार लावलं, वारा येईल म्हणून.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्ची हातभर बाजूला सरकवली. वारा लागायचा थांबला.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. आमच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे.