दिवाळीच्या महिन्याची चिठ्ठी

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने जोरात चालायचे, तेव्हाची गोष्ट. मी पॉलिशला होतो. दिवसभर फिरत्या चाकावर ताटं-वाट्या धरायच्या. संध्याकाळी तोंड असं काळं, की बायको साबण दाराबाहेरच आणून ठेवायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण मी घासलेल्या ताटात माणसाला तोंड बघून भांग पाडता यायचा.

मुलगी बारावी होऊन मीरा रोडच्या कॉलेजात गेली. बापाची वर्षाची कमाई ठरलेल्या आकड्याच्या आत असली, तर अर्धी फी माफ व्हायची. तिने फॉर्म आणला, म्हणाली, "पप्पा, पगाराची एक चिठ्ठी लावायचीय." मी दिली. पंधरा दिवसांनी यादी लागली, त्यात हिचं नाव नाही. कारण काय, तर कमाई जास्त! सोमवारपर्यंत पूर्ण फी भरा, नाहीतर नाव कमी. घरात तेवढे पैसे कुठले?

खाडा करून मुलीबरोबर कॉलेजात गेलो. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "तुमचा हिशेब चुकलाय."

"काका, तुमचीच चिठ्ठी आहे. गुणिले बारा केलं."

"बारा कशाला?"

"वर्षात महिने किती असतात?"

मागची पोरं हसली. माझं डोकं फिरलं. "मोजता येतात आम्हालाही," म्हटलं, आणि मोठ्या साहेबांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणून तिथल्या बाकड्यावर बसलो. मुलगी कानाशी लागली, "पप्पा, चला ना, सगळे बघतायत." उठलो नाही.

शेवटी बाईंनी चिठ्ठीच तिच्या हातात दिली. तिने वाचली. "पप्पा, ही दिवाळीच्या महिन्याची आहे."

होतीच. धनतेरसला लोक भांडी घेतात, म्हणून त्याआधी आम्ही डबल पाळी करायचो, वर बोनस. वर्षातली सगळ्यात जाड चिठ्ठी. कॉलेजात बापाचा कागद जाणार, तो जरा बरा दिसावा, म्हणून मीच ती निवडून दिली होती. पावसाळ्यात आठवड्याला तीनच दिवस काम असायचं. त्या चिठ्ठ्या लावायची लाज वाटली.

मुलगी बोलायला लागली, तेव्हा म्हटलं, "तू थांब. चूक माझी, मी सांगतो." सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "बाराच्या बारा चिठ्ठ्या आणा, काका. आणि शेठकडून वर्षाचा आकडा लिहून आणा."

शेठ गुजराती. लिहिता लिहिता म्हणाला, "अरे, तेरी अकड देखके मेरे को भी लगता था, तू बहुत कमाता है." पण सही-शिक्का लगेच दिला.

सोमवारी बाईंनी एकेक चिठ्ठी बघून बेरीज केली. आषाढातली आली, तेव्हा त्यांनी आकडा दोनदा वाचला. मी भिंतीकडे बघत राहिलो. मग त्यांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला, शिक्का मारला. "झालं, काका. अर्धीच भरा."

पूनम सागरच्या नाक्यापर्यंत आम्ही दोघं चालत आलो. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी चिठ्ठ्या मी काढणार."

"पगार माझा आहे."

"फॉर्म माझा आहे."

पुढची दोन वर्षं तिनेच चिठ्ठ्या काढल्या आणि बोट ठेवून दाखवलं, "इथे सही." मी केली. आता ते कारखानेही गेले आणि ती सासरी गेली. उभ्या जन्मात मी कुणाचा हुकूम ऐकला असेल, तर त्या दोन वर्षांत, आणि तो गोड लागला.