साठाहून तीस बरे

सबंध पुणे शहरात अडखळण्याचा इतका तिटकारा असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. धायरीच्या आमच्या सोसायटीत तो बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. मूळचा वर्ध्याकडचा, आणि पोटापाण्यासाठी व्हिडिओ गेम बनवणारा. हळू चालण्याबद्दल त्याची तक्रार नसते. पण मध्येच पळायचं आणि मध्येच थबकायचं, हे त्याच्या जिवाला लागतं. सिंहगड रस्त्यावर सुसाट जाऊन करकचून ब्रेक मारणाऱ्या रिक्षातून तो उतरतो, मुक्कामापर्यंतचं भाडं देतो आणि पुढं पायी जातो. एकदा आमच्याकडे जेवायला बसला होता. हिनं दोन पोळ्या लागोपाठ वाढल्या आणि तिसरीला जरा वेळ लागला. तर म्हणतो, "काकू, सावकाश वाढा, पण सारख्या अंतरानं वाढा न जी. त्यानं जेवणाचा फील येते." हिनं तव्यावरची नजर न काढता सांगितलं, "उद्यापासून आपल्या घरीच फील घ्यावा."

या वेडाचं मूळ त्याच्या धंद्यात आहे, हे मला त्यानंच समजावलं. गेम म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली चित्रं. सेकंदाला साठ दिसली तर खेळ लोण्यासारखा चालतो. पण पडद्यावर गर्दी झाली की साठाची वीस होतात, मग पुन्हा साठ, आणि खेळणाऱ्याचा हात फसतो. "त्यापेक्षा तीसच दाखवा काका, पण कायम तीस." हे प्रवचन मी जिन्यात, गच्चीवर आणि भाजी घेताना ऐकलेलं आहे. स्वतःच्या गेमची वेळ आली तेव्हा मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण!

झालं असं, की त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. ते शाळेत चित्रकला शिकवत. नेमका उजवा हात गेला. मुलानं त्यांना पुण्याला आणलं. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण रबरी चेंडू दाबायला ते तयार होईनात. तेव्हा यानं रजा काढून त्यांच्यासाठी गेम बनवला: झाडावरून आंबे पडतात, ते बोटानं टोपली सरकवून झेलायचे. बाप चित्रकार, म्हणून पानं हलती ठेवली, ढग चालते ठेवले, आंब्यागणिक सावली दिली. साठ चित्रांच्या खाली उतरायला तयार नाही! मास्तर हरखून खेळायला बसले. मग एकदम बरेच आंबे पडले, चित्र अडकलं, टोपली जागच्या जागी राहिली. त्यांनी टॅब्लेट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. माहा हात आता कामातून गेला."

यंत्राचं अडखळणं त्यांनी आपल्या हाताच्या नावावर घेतलं होतं. मुलानं परोपरीनं सांगितलं, पण त्यांना ते नुसतं समजूत घालणं वाटलं. त्या दिवशी तो आमच्याकडे येऊन बसला आणि समोरचा चहा तसाच निवू दिला. मला त्याची फार दया आली.

पुढं दोन दिवस बसून त्यानं हौसेनं केलेलं सगळं उपटून काढलं. ढग गेले, सावल्या गेल्या, पानं स्तब्ध झाली आणि साठाची तीस झाली. बाग अगदी उघडी पडली. मास्तरांनी तिसऱ्या दिवशी, माझ्याच आग्रहाखातर, पुन्हा बोट लावलं. आंब्यांची झोड उठली तरी चित्र अडकेना. जिकडे बोट तिकडे टोपली. एक, दोन, चार आंबे पडले टोपलीत, आणि पाचवा हुकला.

हा घाबराघुबरा उठला. "बाबा, थांबा, मी पाहतो काय अटकलं थे!"

मास्तरांनी डाव्या हातानं त्याला खाली बसवलं. "काही नाही अटकलं. मशीन बरोबर आहे रे. माहाच हात चुकला." आणि ते चक्क हसले. आपली चूक आपलीच आहे, याचा एवढा आनंद झालेला माणूस मी या वयात पहिल्यांदा पाहिला. माझे डोळे भरून आले. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मास्तर म्हणाले, "पुन्हा लाव."