गोपिकाबाईंचं आवतण

सेवाग्रामच्या दवाखान्यात बायकांच्या वार्डात ड्यूटीचा तक्ता लागायचा. कॅलेंडरात जिथं तारीख लाल, तिथं तक्त्यात हमखास एकच नाव: गोपिका. आया म्हणून त्या त्र्याहत्तर साली लागल्या, आणि तेव्हापासून दहा वर्षांत एकही सण त्यांनी घरी बसून केला नाही. सोबतच्या आयांपैकी नसीमबीची ईद, फिलोमिनाचा नाताळ, देवकाबाई दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या तो दिवस, सगळं यांच्या अंगावर. सव्वीस जानेवारी नि पंधरा ऑगस्टला ताराचंद वार्डबॉयच्या पोरी शाळेच्या कवायतीत असायच्या. तो झेंड्याला जाई आणि या त्याच्या बादल्या उचलत. दोन ऑक्टोबरला आश्रमात सूतकताई चाले, तेव्हा या वार्डात चादरींच्या घड्या घालत बसत.

"मले काय सण अन् काय वार!" म्हणायच्या. लोक म्हणत, बाई देवमाणूस आहे. देवमाणूस वगैरे काही नव्हतं. बाईनं सणाचा धसका घेतला होता, आणि दवाखान्यासारखी लपायला जागा नाही.

तो धसका अल्लीपूरचा. गोपिकाबाई तिथल्या घरची थोरली सून. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी सजलेली जोडी तोरणाखालून दारी आली, की घरची बाई पाय धुऊन ओवाळते आणि पुरणपोळी चारते. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नवरा रूपराव गेला. पोळ्याला बैल दारी आले तेव्हा सवयीनं गोपिकाबाईच ताट घेऊन पुढं झाल्या. धाकटी जाऊ कोकिळा आली आणि हळूच ताट काढून घेतलं. "बाई, तुम्ही राहू द्या." बस, एवढंच. सासू आनंदाबाई, स्वतः वीस वर्षांपासून विधवा, खाली बघत राहिली. जोडीतला चांद्या बैल मात्र मान लांबवून गोपिकाबाईंकडेच पाहत होता. त्याची आई मेली तेव्हा यांनीच त्याला हातानं दूध पाजून जगवलं होतं. महिन्याभरात बाई सेवाग्रामला आल्या. परत कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

मग त्र्याऐंशीच्या पोळ्याच्या तोंडावर कोकिळा त्यांच्याच वार्डात आली, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला. आठ दिवस गोपिकाबाईंनी तिचं सगळं केलं, अगदी भांडं देण्यापासून. बोलल्या मात्र अक्षर नाही. कोकिळा लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडायची.

पोळ्याच्या आदल्या दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या बैलाले कोन ओवाळन?"

गोपिकाबाईंचा हा दीर, बबनराव, मुळातच मुखदुर्बळ. म्हणाला, "पाहू शेजारची कोनी."

"शेजारची काऊन? घरची हाये न इथं. मी चुकली तवा. तुम्ही जाऊन सांगा."

बबनरावाला पाचच्या एसटीनं निघायचं होतं, घरी खांदे मळायचे होते. गोपिकाबाई व्हरांड्यात चादरी वाळत घालत होत्या. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "वैनी…" म्हणाला आणि अडकला. माणसांना बोलवायचं काम जन्मभर बायकोनं केलेलं. याला आवतणाचे शब्द एकच ठाऊक, तेच तोंडातून बाहेर पडले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

गोपिकाबाई बघतच राहिल्या. मग दहा वर्षांचं हसू त्यांना फुटलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. "मी काय बैल हावो, भाऊजी?"

"नाई वो! मले दुसरं काई येतच नाई."

पदरानं डोळे पुसून त्यांनी थेट विचारलं, "अन् ताट कोनाच्या हाती?"

"तुमच्याच. कोकिळाच म्हणून राह्यली."

पण उद्याची ड्यूटी? पोळ्यासाठी ताराचंद गावी गेलेला, त्याच्या जागी याच होत्या. सुलोचना सिस्टर तक्त्यापाशी गेल्या, तर नसीमबी आधीच तिथं उभी. "अवो सिस्टर, माह्या साऱ्या ईदा या बाईच्या जिवावर झाल्या. उद्याचं नाव माह्यं लिहा. हिच्या जावेचं मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी अल्लीपुरात बैल दारी आले. चांद्या आता म्हातारा झाला होता. गोपिकाबाईंच्या हाताला फिनाईलचा वास, तो त्यानं दोनदा हुंगला, आणि मग पुरणपोळीकडे वळला. त्यानं ओळखलं की नाही, देव जाणे. ओळखलं, असंच बाईंनी मनाशी धरलं. चारचौघी कुजबुजल्याही. गोपिकाबाईंनी सावकाश, पूर्ण ओवाळलं.

मग त्या वळल्या. दाराआड, अंधाऱ्या कोपऱ्यात सासू उभी होती, दर पोळ्याला असायची तशीच.

"मामीजी, इकडे या. धरा हे ताट."

आनंदाबाई नको नको करत उंबऱ्याबाहेर आली. ताट हाती घेतलं आणि तशीच उभी राहिली. तीस वर्षं झाली होती.

"कोन्या अंगानं फिरवा लागते वो पोरी?" तिनं हळूच विचारलं. "मी इसरून गेली."

गोपिकाबाईंनी तिच्या हाताखाली आपला हात धरला आणि ताट फिरवलं.