बुंध्याला विचार

रायन, तारा,

गोराईचं घर बंद केलं त्या सकाळी बोटीत माझ्या मांडीवर गवती चहाची कुंडी होती. बाकी सामान टेम्पोने गेलं होतं. कुंडी मात्र मी कोणाच्या हाती दिली नाही. शेजारची फिलू, माझी जुनी विद्यार्थिनी, धक्क्यापर्यंत आली होती. म्हणाली, "टीचर, आम्हाला रांगेत उभं करायचात. आता बोरिवलीत कोणाला करणार?"

"कुंड्यांना," मी म्हटलं. ती हसली. तुमचे आजोबा गेल्यावर हे गुडघे घेऊन तिथे एकटीने राहणं शक्य नव्हतं.

आता बाराव्या मजल्यावर राहते. लिफ्ट, इंटरकॉम, सगळं सोयीचं. कुंड्या ग्रिलमध्ये रांगेत आहेत. गोराईला माझी आई गवती चहाच्या जुड्या बांधून ओटीवर सावलीत टांगायची. खाडीचा वारा त्यांच्यातून आरपार जायचा. पात कुरकुरीत लागली की मी बरणी आणायला धावायचे. आई म्हणायची, "पात फसवते, बाय. बुंध्याला विचार." मग जाड बुंधा कानाशी धरून मोडायची. कट्‌ असा आवाज आला तरच बरणी. नुसता वाकला तर जुडी परत दोरीवर.

गेल्या महिन्यात तुमचे पप्पा चार दिवस येऊन गेले. ते निघायच्या सकाळी मी इथे पंख्याखाली टांगलेल्या जुड्या उतरवल्या. पात कुरकुरीत होती. बुंधे मोडून पाहिले नाहीत. कॅनडाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, एवढंच डोक्यात होतं. दोन बरण्या भरल्या, झाकणांना टेप लावली, लेबलवर सुवाच्य इंग्रजीत नाव आणि तारीख. एक तुमच्याकडे आली, एक इथे राहिली.

आज सकाळी इथली उघडली. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब आणि बुंध्यांवर पांढरी बुरशी.

पप्पांना दोनदा फोन केला. तिथे रात्र, कोणी उचलला नाही. मेसेज टाकला: बरणीतलं काही पिऊ नका. एकच टिक. ताराचा खोकला अजून गेला नाही, असं मम्मी रविवारी म्हणाली होती. गवती चहा करून देते असंही म्हणाली का, ते काही केल्या आठवत नाही. बारीकसारीक सगळं वहीत टिपणारी मी, नेमकं हेच टिपलं नाही. स्वस्थ बसवत नाही, म्हणून तुम्हाला हे लिहायला घेतलं.

संध्याकाळी रायन, तुझा व्हॉइस मेसेज आला. "आजी, चिल. आम्ही ओपनच नाही केली. तारा म्हणते, ओपन केली की गोराईचा वास संपेल."

तो मी तीनदा ऐकला, मगच चहा प्यायले.

तारा, ती बरणी न उघडता फेकून दे. ती जुडी बोरिवलीच्या ग्रिलमध्ये वाढली, पंख्याखाली वाळली आणि माझ्या घाईने बिघडली. गोराईच्या घराला आता कुलूप आहे. तिथून माझ्याबरोबर आलं ते म्हणजे ही कुंडी आणि 'बुंध्याला विचार' म्हणून आईचं ते थांबवणं. हल्ली मी त्यालाच घर म्हणते.

नवी जुडी स्वयंपाकघराच्या दारात टांगली आहे. आत्ताच एक बुंधा कानाशी धरला. वाकला. तुम्हाला थांबावं लागेल.

— आजी